धुराड्याच्या धुरांतून कर्बवायु निवडण्याचा खर्च



आजच्या भाषणाचें नांव ऐकून आपल्यापैकीं कित्येकांचा हात रेडिओची कळ फिरविण्यासाठीं पुढें झाला असेल. तो क्षणभर आवरावा अशी विनंति आहे. मी शास्त्रज्ञ नाहीं, इंजिनियरहि नाहीं. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि सारी हयात फळ्यासमोर खडूची भुकटी अंगावर घेण्यांत घालविलेला एक निवृत्त मास्तर आहें. परंतु जी गोष्ट मास्तराला स्वतःला समजून घेतांना कष्ट पडतात, तीच तो दुसऱ्याला बऱ्यापैकीं समजावून देऊं शकतो, असा माझा अनुभव आहे. आणि आजच्या विषयानें मला पुष्कळच कष्ट दिले आहेत.

विषय चाळणीचा आहे. धान्याच्या नव्हे, धुराच्या.

चंद्रपूरचें औष्णिक वीजघर आपणांस ठाऊक आहे. २,९२० मेगावॉट शक्तीचें तें केंद्र दगडी कोळशावर चालतें, आणि आपल्या दिवाणखान्यांत जो दिवा लागतो त्यांत अशा कोळशाचा वांटा असतो. कोळसा जळला कीं कार्बन डायऑक्साइड उत्पन्न होतो. त्यास आपण आज सोयीसाठीं कर्बवायु म्हणूं. पृथ्वीचें वातावरण तापविण्याच्या कामीं मनुष्यानें सोडलेल्या वायूंपैकीं या वायूचा हात सर्वांत मोठा आहे, हें आतां शाळेंतील मुलेंहि जाणतात. कोळसा जाळणेंच बंद करावें असें म्हणणारे आहेत, आणि त्यांच्याशीं माझा वाद नाहीं. सूर्य आणि वारा यांपासून होणारी वीज वाढत आहे, ती वाढावीच. परंतु आपल्या देशांत आणि चीनमध्यें जीं कोळशाचीं वीजघरें गेल्या पंधरा-वीस वर्षांत उभीं राहिलीं, त्यांचें आयुष्य अजून बरेंच शिल्लक आहे. तीं चालूं आहेत तोंवर धुराड्याच्या तोंडाशींच कर्बवायु धरून जमिनीच्या पोटांत खोल गाडतां येईल काय, असा प्रश्न आहे. त्याचें उत्तर, येईल, असें आहे. अडचण ज्ञानाची नाहीं, पैशाची आहे. म्हणून आज मी पैशाविषयींच बोलणार आहें.

प्रथम धुराचें स्वरूप पाहूं. वीजघराच्या धुराचे शंभर भाग केले, तर त्यांत कर्बवायु सुमारें १३ भाग भरतो. बाकीचा बहुतेक सर्व नत्रवायु, थोडी पाण्याची वाफ आणि थोडा न जळलेला प्राणवायु. नत्रवायु निरुपद्रवी आहे. तो हवेंतूनच आला आणि हवेंतच परत जाईल. आपणांस तेरा हवे आहेत आणि सत्याऐशी नको आहेत. ६०० मेगावॉटचें एखादें वीजघर घेतलें, तर त्याच्या धुराड्यांतून दर सेकंदास सुमारें ५०० घनमीटर धूर बाहेर पडतो. आपल्या घरांतील मध्यम खोली ४० घनमीटरांची धरली, तर सेकंदाला बारा खोल्या भरतील एवढा हा धूर झाला. त्यांत कर्बवायु तासाला सुमारें ४०० टन, म्हणजे दिवसाला जवळजवळ १०,००० टन. आणि हा सगळा धूर कोणत्याहि दाबाखालीं नसतो. आपल्या भोंवतालच्या हवेइतकाच त्याचा दाब, म्हणजे एक वातावरण. हें शेवटचें वाक्य लक्षांत ठेवावें. खर्चाचें मूळ तेथें आहे.

आज प्रचारांत असलेली रीत द्रावणाची आहे. अमाईन नांवाचीं रसायनें पाण्यांत मिसळून त्या पाण्याचा धुरावर वर्षाव करतात; तें पाणी कर्बवायु शोषून घेतें; मग त्यास सुमारें १२० अंशांपर्यंत तापविलें कीं वायु सुटा होतो आणि पाणी पुन्हा कामास येतें. या रीतीचें अमेरिकन पेटंट १९३० सालचें आहे. कॅनडांत बाउंडरी डॅम येथील कोळशाच्या वीजघरांत २०१४ पासून ही रीत मोठ्या प्रमाणावर चालूं झाली, आणि आपल्याकडे विंध्याचल येथें एन.टी.पी.सी.नें २०२२ मध्यें दिवसाला २० टनांचें लहान यंत्र बसविलें, तेंहि द्रावणाचेंच. रीत खात्रीची आहे. परंतु एवढें पाणी तापवावयास वाफ लागते, आणि ती वाफ वीज निर्माण करणाऱ्या चक्रांच्या तोंडचीच काढून घ्यावी लागते. शिवाय रसायन हळूहळू नासतें, तें वेळोवेळीं बदलावें लागतें. वीजघर आपलीच वीज खाऊं लागतें.

आतां दुसरी रीत, म्हणजे पापुद्र्याची. तिचा आरंभ रबराच्या फुग्यापासून झाला. मुलांच्या वाढदिवसाला फुगविलेला फुगा दुसऱ्या दिवशीं मलूल होतो. गांठ पक्की असते, छिद्र कोठेंहि नसतें, तरी वायु जातो. फिलाडेल्फियाचे डॉक्टर मिचेल यांनीं १८३१ मध्यें या गोष्टीचा शोध घेतला, आणि निरनिराळे वायु रबरांतून निरनिराळ्या वेगानें निसटतात, त्यांत कर्बवायु पुष्कळ चपळाईनें निसटतो, असें त्यांस आढळलें. पुढें १८६६ मध्यें टॉमस ग्रॅहॅम यांनीं त्याचें कारण सांगितलें. रबरांत भोकें असतात म्हणून वायु जातो असें नव्हे. वायु रबराच्या एका अंगास विरघळतो, आंतून सरकत जातो, आणि दुसऱ्या अंगास बाहेर पडतो. साखर पाण्यांत विरघळावी तसा. ज्याला त्या पदार्थांत विरघळण्याची आवड अधिक, तो अधिक जातो. कर्बवायूस ती आवड असते, नत्रवायूस फारच कमी. म्हणून मी चाळण हा शब्द वापरीत असलों तरी ही भोकांची चाळण नव्हे, आवडीनिवडीची आहे.

पापुद्रा जितका पातळ तितका वायु लवकर पार जातो. पण फार पातळ केला तर फाटतो. ही अडचण १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियांत सिडनी लोब आणि मूळचे आपल्या देशाचे श्रीनिवास सौरिराजन् यांनीं सोडविली. त्यांनीं वर अत्यंत पातळ घट्ट साय आणि खालीं जाड सच्छिद्र थर, असा एकाच तुकड्याचा पापुद्रा केला. तो समुद्राचें पाणी गोडें करण्यासाठीं होता. आज आपल्यापैकीं पुष्कळांच्या स्वयंपाकघरांत पाणी शुद्ध करण्याचें जें यंत्र भिंतीवर टांगलेलें असतें, त्याच्या पोटांतील गुंडाळी याच वंशांतली आहे. वायूंच्या बाबतींत आणखी एक विघ्न होतें. सायीला सुईच्या टोंकाहून बारीक छिद्रें पडत, आणि त्यांतून सगळेच वायु पार जात. हेनिस आणि ट्रिपोडी या दोघांनीं त्यावर सिलिकोन रबराचा हात फिरवून तीं छिद्रें बुजविलीं, आणि १९८० मध्यें मोन्सँटो कंपनीनें तसे पापुद्रे हायड्रोजन वेगळा काढण्यासाठीं बाजारांत आणले. कपड्याला ठिगळ लावावें तसा हा प्रकार. पण त्यावांचून हा धंदा उभाच राहिला नसता.

असा पापुद्रा धुरासमोर धरावयाचा, एका बाजूनें धूर वाहूं द्यावयाचा, दुसऱ्या बाजूस कर्बवायु गोळा करावयाचा. तापविणें नाहीं, रसायन नासणें नाहीं, वाफ लागत नाहीं. ऐकावयास फारच सोपें; मग एवढीं वर्षें कोणीं केलें कां नाहीं?

कारण वायु पापुद्र्यांतून आपण होऊन जात नाहीं. त्याला मागून ढकलावें लागतें किंवा पुढून ओढावें लागतें. आणि आमचा धूर तर बिनदाबाचा. सरळ उपाय म्हणजे सगळा धूर दाबावयाचा. पांच वातावरणांपर्यंत दाबावयाचें ठरविलें, तर आपल्या त्या ६०० मेगावॉटच्या वीजघरांत, यंत्रें अगदीं आदर्श धरलीं तरी, १०० मेगावॉटच्या आसपास शक्ति लागते. मीं हें गणित तीन वेळां करून पाहिलें, कारण पहिल्यांदा मला तें खरें वाटेना. एकूण विजेचा सहावा हिस्सा गेला, आणि तो कशापायीं? ज्या नत्रवायूशीं आपणांस कर्तव्य नाहीं, त्याचे सत्याऐशी भाग दाबण्यापायीं. उरलेला दाबलेला धूर चक्रांतून सोडून कांहीं शक्ति परत मिळविता येते हें खरें, पण तींहि यंत्रें फुकट येत नाहींत.

दुसरा उपाय ओढण्याचा. धूर आहे तसा वाहूं द्यावा आणि पापुद्र्याच्या मागें निर्वात पंप लावून तेथील दाब पंचमांश वातावरणावर आणावा. आतां पंपाला सगळा धूर हाताळावा लागत नाहीं. जेवढा पापुद्र्यांतून पार गेला तेवढाच, म्हणजे एकूणाच्या पंचमांश-चतुर्थांश भाग. शक्तीचा खर्च एकदम उतरतो. परंतु येथें दुसरीकडे किंमत मोजावी लागते. पहिल्या उपायांत पापुद्र्याच्या दोन बाजूंमधील दाबाचा फरक चार वातावरणांचा होता, दुसऱ्यांत तो एका वातावरणाच्या चार पंचमांश एवढाच राहिला. ढकलणें पांचपट कमी झालें म्हणून पापुद्रा पांचपट अधिक पाहिजे. विजेचा खर्च वांचवावा तर कापडाचा वाढतो.

येथवर आल्यावर कोणालाहि असें वाटेल, मलाहि वाटलें, कीं मग अधिक चांगला पापुद्रा शोधावा. असा, कीं जो कर्बवायूखेरीज दुसरें कांहींच पलीकडे जाऊं देणार नाहीं. पुष्कळ प्रयोगशाळांनीं अनेक वर्षें हाच ध्यास घेतला होता. आतां गंमत पाहा. धुराचा दाब एक वातावरण, त्यांत कर्बवायूचा वांटा १३ शतांश. म्हणजे पापुद्र्याच्या अलीकडे कर्बवायूचा स्वतःचा दाब ०.१३ वातावरण. पलीकडे पंपानें राखलेला एकूण दाब ०.२ वातावरण. पापुद्रा संपूर्ण निर्दोष असेल, तर पलीकडे निव्वळ कर्बवायूच असावयाचा; तेव्हां तेथें त्याचा दाब पुरा ०.२. अलीकडे ०.१३ आणि पलीकडे ०.२! पाणी खालून वर चढत नाहीं, तसा वायूहि कमी दाबाकडून अधिक दाबाकडे जात नाहीं. निर्दोष पापुद्र्यांतून या पंपाच्या जोरावर कर्बवायूचा एक कणहि येणार नाहीं. थोडा नत्रवायु चुकून पार जातो, तो पलीकडच्या कर्बवायूस विरळ करतो, म्हणून तर काम चालतें. दाबांचें प्रमाण पांचास एक असतां पलीकडचा वायु अलीकडच्या पांचपटीहून अधिक दाट कधींच होऊं शकत नाहीं. तेराचे फार तर पासष्ट. पापुद्रा कितीहि महाग घेतला तरी हा पासष्टाचा आकडा हलत नाहीं.

अमेरिकेंत कॅलिफोर्नियामधील मेम्ब्रेन टेक्नॉलॉजी अँड रिसर्च या कंपनीचे टिम मर्केल आणि त्यांचे सहकारी यांनीं २०१० मध्यें या विषयावर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांत हा हिशेब मांडलेला आहे. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, पापुद्रा कर्बवायूस नत्रवायूपेक्षां तीसपट मोकळी वाट देत असेल, तर त्यापुढें त्याची निवड वाढविण्यापेक्षां त्याचा पाझर वाढविणें खर्चाच्या दृष्टीनें अधिक फायद्याचें.

हें वाचलें तेव्हां मला माझा एक जुना विद्यार्थी आठवला. तीसएक वर्षांपूर्वीं मिश्रणें वेगळीं करण्याचा धडा चालला होता, आणि उत्तम चाळण कोणती, असा प्रश्न मीं वर्गाला घातला. एकहि खडा खालीं जाऊं देत नाहीं ती, हें उत्तर मला हवें होतें. एक मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, जी लौकर चाळते ती. राहिलेले खडे मागून वेंचतां येतात.” त्याची आई दाणेवाल्याच्या दुकानीं मोलानें धान्य निवडीत असे. वर्ग हंसला, आणि सांगावयास लाज वाटते, पण मीहि हंसलों, आणि त्याला खालीं बसविलें. पुढें तो कोठें गेला मला ठाऊक नाहीं. कदाचित् तो आज ऐकत असेल. या धुराच्या कामांत तरी त्याचें उत्तर बरोबर आणि माझें चूक होतें, एवढें येथें नमूद करतों.

कारण खडे खरोखरच मागून वेंचतात. पहिल्या पापुद्र्यांतून भराभर पार गेलेला, साठाच्या आंतबाहेर दाट झालेला वायु आतां आकारानें फारच थोडा उरलेला असतो. तेवढा दाबणें परवडतें. तो दाबून पुन्हा एका लहान पापुद्र्यावर धरावा, आणि अखेर थंड करून कर्बवायूचा द्रव करावा. नत्रवायूचा द्रव त्या थंडीला होत नाहीं, तो आपोआप वेगळा राहतो आणि मागें फिरवितां येतो.

पण मग पहिल्या पापुद्र्यासमोरून निघून गेलेल्या धुराचें काय? त्यांत अजून सहा-सात शतांश कर्बवायु असतोच. तो पंपानें ओढावयाचा तर पंप फार खोल निर्वात करणारा पाहिजे, आणि ते पंप महाग. येथें त्याच मंडळींनीं एक युक्ति काढली, ती मला या सर्व प्रकरणांतील सर्वांत देखणी वाटते. कोंकणांतल्या पावसाळ्यांत कपडे वाळत नाहींत. पण वारा सुटला तर थोडे तरी वाळतात, कारण कपड्यालगतची ओलसर हवा वारा वाहून नेतो. तसाच वारा पापुद्र्याच्या मागें सोडावयाचा. आणि तो वारा कोठून आणावयाचा? वीजघराच्या भट्टीला कोळसा जाळण्यासाठीं हवा लागतेच, ती पंख्यांनीं आंत ढकललीच जाते. तीच हवा भट्टींत जाण्यापूर्वीं पापुद्र्याच्या मागून वाहूं द्यावयाची. हवेंत कर्बवायु दहा हजारांत चारच भाग. तेव्हां धुरांतला कर्बवायु पापुद्र्यांतून त्या हवेकडे आपण होऊन ओढला जातो. पंप नाहीं, दाबयंत्र नाहीं. तो कर्बवायु हवेबरोबर पुन्हा भट्टींत जातो आणि पुन्हा धुरांत येतो. म्हणजे वायां कांहींच जात नाहीं, उलट धूर अठरा-वीस शतांशांपर्यंत दाट होतो, आणि पहिल्या पापुद्र्याचें काम हलकें होतें. धुराड्यांतून मात्र स्वच्छ केलेलाच धूर बाहेर पडतो.

बॉयलरवाल्यांस ही कल्पना अर्थातच रुचली नाहीं. हवेंतील प्राणवायूचा थोडा भाग उलट पापुद्र्यांतून धुराकडे निसटतो, त्यांत कर्बवायु मिसळतो, आणि भट्टीला एकवीसऐवजीं अठराच्या सुमारास शतांश प्राणवायूची हवा मिळते. ज्योत मंद होईल, कोळसा अर्धवट जळेल, ही भीति खोटी नव्हती. म्हणून ओहायो राज्यांत बार्बर्टन येथें बॅबकॉक अँड विल्कॉक्स या बॉयलर करणाऱ्या कंपनीच्या प्रायोगिक भट्टीला हें यंत्र प्रत्यक्ष जोडून पाहण्यांत आलें, आणि भट्टी चालली. अर्थात् प्रयोगाची लहान भट्टी आणि वीस मजली उंच बॉयलर यांत अंतर आहे, आणि चालूं बॉयलरला अशी जोडणी करावयाची म्हणजे मोठालीं वायुनळकांडीं नव्यानें घालावीं लागतात. नव्या वीजघरास ही युक्ति जितकी शोभेल तितकी जुन्यास शोभणार नाहीं, असें माझें मत आहे.

कागदावर या योजनेचा हिशेब असा होता: नव्वद टक्के कर्बवायु धरण्यास वीजघराच्या विजेपैकीं सुमारें १६ टक्के खर्ची पडेल, आणि टनाला २३ डॉलरपर्यंत खर्च उतरूं शकेल. अमेरिकन सरकारच्या ऊर्जाखात्यानें पुढें टनाला ४० डॉलर हें लक्ष्य ठेविलें होतें, त्याच्याशीं ताडून पाहतां २३ हा आकडा फारच मोहक दिसतो. पण तो निबंधांतील प्राथमिक हिशेब आहे, बांधलेल्या कारखान्याचें बिल नव्हे. मास्तरकींत मीं एक शिकलों कीं घरीं सोडविलेलें गणित आणि परीक्षेंत सोडविलेलें गणित यांचे गुण एक येत नाहींत. शिवाय १६ टक्के या आकड्याचाहि अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. शंभर युनिट गांवाला द्यावयाचीं तर आतां एकशें एकोणीस तयार करावीं लागतील. म्हणजे कोळसा एकोणीस टक्के अधिक, राख तितकी अधिक, पाणीहि अधिक. कर्बवायु धरला म्हणून कोळसा निर्मळ झाला असें समजण्याचें कारण नाहीं.

आतां कापडाचा खर्च. नव्वद टक्के धरावयाचे तर ६०० मेगावॉटच्या वीजघरास पापुद्रा दहा लाख चौरस मीटरांच्या घरांत किंवा त्याहूनहि अधिक लागतो. दहा लाख चौरस मीटर म्हणजे एक चौरस किलोमीटर, जवळजवळ अडीचशें एकर. चंद्रपूरसारख्या केंद्राला याच मापानें पांच चौरस किलोमीटर लागेल. आणि त्यावरील जी खरी निवड करणारी साय, तिची जाडी मिलीमीटरच्या दहा हजाराव्या हिश्श्याच्या आसपास. आपल्या डोक्याच्या केंसाचे सहा-सातशें पदर काढले तर त्यांतील एक. चौरस मीटरला ५० डॉलर धरले तर एका वीजघराचें कापडच पांच कोटी डॉलरांचें होतें, आणि तें जन्मभर टिकत नाहीं. धुरांतील बारीक राख, गंधकाचे वायु आणि ओलावा यांमुळें तें कांहीं वर्षांनीं बदलावें लागेल असें धरूनच हिशेब करतात. म्हणून त्या मुलाच्या उत्तराला एवढी किंमत: पाझर दुप्पट झाला कीं कापड निम्म्यावर येतें, त्याबरोबर सांगाडे, नळ, जागा, मजुरी हींहि उतरतात. या कंपनीनें पोलारिस या नांवानें केलेल्या पापुद्र्याचा पाझर त्या वेळच्या बाजारांतील कर्बवायूच्या पापुद्र्यांच्या सुमारें दसपट होता, आणि त्यापुढच्या पिढीचा त्याहून बराच अधिक आहे.

यांत एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या ध्यानीं येत नाहीं. पापुद्र्याइतकाच खर्च त्याच्या घरकुलाचा असतो. नैसर्गिक वायूच्या कारखान्यांत पापुद्र्याच्या गुंडाळ्या जाड पोलादी नळ्यांत ठेवतात, कारण तेथें दाब पन्नास-पन्नास वातावरणें असतो. धुराच्या कामीं तीच नळी वापरणें म्हणजे दुधाच्या लोट्याला तिजोरी करण्यासारखें आहे. येथें दाब नाहीं. हलकी पेटी पुरे. उलट येथें दुसरी काळजी. गुंडाळीच्या अरुंद फटींतून धूर रेटावयास जो जोर लागतो, तोच एवढ्या प्रचंड धुराच्या बाबतींत कित्येक मेगावॉटांचा भुर्दंड होऊन बसतो. म्हणून गुंडाळी सोडून सपाट पत्रे एकावर एक, मधें ऐसपैस वाट ठेवून रचण्याकडे आतां कल आहे. ऐकावयास ही सुताराची बाब वाटते, पण टनामागें डॉलर असल्या बाबींनींच कमी होतात.

दुसऱ्याहि वाटा चालूं आहेत. एअर लिक्विड कंपनीनें पापुद्रा शून्याखालीं तीस-चाळीस अंश थंड ठेवून त्याची निवड वाढविण्याचा प्रयोग केला. नॉर्वेंतील ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठानें पापुद्र्यांतच अमाईन गुंफून कर्बवायूस जणूं हात धरून पलीकडे नेण्याची योजना केली. तसल्या पापुद्र्यास सतत ओलावा लागतो. प्रत्येकाचा गुण निराळा, पण मीं सांगितलेला पासष्टाचा कायदा निर्वात पंपावर चालणाऱ्या सर्वांनाच लागूं आहे.

आतां ज्या प्रश्नावर मी सर्वांत अधिक विचार केला, तो सांगतों. नव्वद टक्केच कां? ओला कपडा पिळतांना पहिल्या दोन पिळांत बहुतेक पाणी निघतें. शेवटच्या थेंबांसाठीं मनगट दुखावेपर्यंत पिळावें लागतें. पापुद्र्याचें तंतोतंत असेंच आहे. धूर जसजसा विरळ होतो, तसतसा त्यांतील कर्बवायूचा दाब घटतो, आणि दर टनास लागणारें कापड वाढत जातें. साठ-सत्तर टक्क्यांवर थांबलें तर टनामागें खर्च बराच कमी येतो. आणि साठ टक्के धरले तरी कोळशाचें वीजघर दर युनिटामागें नैसर्गिक वायूच्या वीजघराइतकाच कर्बवायु सोडूं लागतें. यावर आक्षेप असा, कीं उरलेला तीस-चाळीस टक्के हवेंत जातोच, आणि नळ व विहिरी यांचा खर्च कमी धरल्यानें त्या मानानें उतरत नाहीं. आक्षेप योग्य आहे. तरीहि माझें मत असें, कीं एका वीजघरांत नव्वद टक्के धरून दहा वीजघरांना कांहींच न परवडण्यापेक्षां, दहांतहि साठ टक्के धरणें परवडलें तर तें बरें. ज्यांना हें पटत नाहीं त्यांनीं दर टनाचा हिशेब घेऊन बसावें. माझें म्हणणें खोटें ठरलें तर मला आनंदच आहे.

हें सर्व आजवर कोठपर्यंत आलें आहे? अॅरिझोनांतील चोला या वीजघरावर २०१० मध्यें पहिली लहान चांचणी झाली. मग अलाबामा राज्यांत विल्सनव्हिल येथें, गॅस्टन वीजघराचा खरा धूर घेऊन, प्रथम दिवसाला एक टनाचें आणि २०१४-१५ च्या सुमारास वीस टनांचें यंत्र चाललें. पापुद्रे हजारों तास टिकले. नॉर्वेंत मॉन्गस्टाड येथेंहि पुढच्या पिढीच्या पापुद्र्याची परीक्षा झाली. आणि आतां वायोमिंग राज्यांत जिलेट शहराजवळ, ड्राय फोर्क या चालूं कोळशाच्या वीजघराला लागून, दिवसाला १५० टन धरण्याच्या बेताचें यंत्र उभारण्यांत आलें आहे. आपल्या ६०० मेगावॉटच्या वीजघराचा दिवसाचा वायु १०,००० टन. म्हणजे हा अजून पासष्टावा-सत्तरावा हिस्सा. पण एक टनापासून दीडशें टनांपर्यंतची चढण पंधरा वर्षांत झाली, हेंहि कमी नव्हे.

धरलेला वायु कोठें गाडावयाचा हा निराळाच विषय आहे. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणांत तो मुरवितां येईल काय याचा अभ्यास चालूं आहे, आणि आइसलंडांत तशाच जातीच्या खडकांत तो मुरविलाहि आहे. परंतु मला दिलेला वेळ संपत आला. ज्यांना या विषयाचा पाठपुरावा करावयाचा आहे त्यांना एवढेंच सांगतों, कीं वायोमिंगच्या यंत्राचें वृत्त वाचतांना किती टक्के कर्बवायु धरला हा आकडा प्रथम पाहूं नये. वर्तमानपत्रें तो ठळक छापतीलच. दर टनामागें किती युनिट वीज गेली, आणि हिंवाळा, धूळ, बॉयलरची बंद-चालूं या सर्वांतून गेल्यावर दुसऱ्या वर्षीं त्याच पापुद्र्याचा पाझर किती उरला, हे दोन आकडे शोधावे. ते बहुधा शेवटच्या पानावर, बारीक टायपांत असतील.